सरकती खोली वरून कोरडी, खालून ओली

मृग जवळ आला की कॅम्परवाल्यांचे प्रश्न सुरू होतात, आणि गोंधळ दरवर्षी तोच. स्लाइड-आउट, म्हणजे गाडीतून बाहेर सरकणारी खोली, वरून गळत नाही. मग तिचा तळ मऊ का पडतो? कारण छताकडे सगळे बघतात, गाडीखाली वाकून कोणी बघत नाही.

बॉडीवाला म्हणतो तळाला ‘वॉटरप्रूफ’ प्लाय आहे. मग आणखी काही करायची गरज आहे का? (सुदामानगर)

तोंडी ‘वॉटरप्रूफ’ला काडीची किंमत नाही. प्लायवरचा शिक्का बघा. आयएस हा भारतीय मानकाचा क्रमांक. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ असेल तर पुढे बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) आहे की एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) ते वाचा. एमआर घरातल्या कपाटाला ठीक, गाडीखाली नाही. मरीन प्लायचाही डिंक उकळत्या पाण्यात टिकतो, पण कापलेली कड पाणी प्यायची थांबत नाही. कडा सील केल्या आहेत का, हे बॉडीवाल्याला विचारा. आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या, कारण खोटे शिक्केही बाजारात आहेत.

सर्व्हिस स्टेशनवर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारून देतात. मारून घेऊ का?

नाही. खोलीच्या कडेची फट बंद करणारं ईपीडीएम रबर तेलाने फुगतं आणि ढिलं पडतं.

मांडूहून पावसात परतलो. तळ हाताला ओलसर लागतो. एक दुकानदार आजच काळं अंडरकोटिंग मारून ‘आयुष्यभराची गॅरंटी’ देतोय. (लोकमान्यनगर)

आज मारू नका. याच घाईने मी चांगले तळ वाया गेलेले पाहतो. ओल्या लाकडावर डांबरी थर चढवला की पाणी आतच कोंडतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणारी बुरशी धरते. कोटिंगआधी तो १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवा, आणि हे हाताला कळत नाही. त्यासाठी दोन सुयांचं मॉइश्चर मीटर लागतं. श्रावणातल्या हवेत उघड्यावर ठेवून लाकूड तेवढं उतरणं कठीणच. गाडी छपराखाली घ्या, पंखा लावा, काही दिवस जाऊ द्या आणि दोन-चार ठिकाणी पुन्हा मोजा.

मुळात पाणी तिथे पोचलं कसं? खोली बाहेर असताना पाऊस भिंतीवरून ओघळतो, खालच्या कडेशी वळतो आणि तळाला चिकटून आत सरकत जातो. घराच्या छज्ज्याखाली गवंडी पाणी तोडणारी पट्टी काढतो ती याचसाठी. इथे कडेला ॲल्युमिनियमची एल-पट्टी लावतात, तिचा ओठ थोडा खाली लोंबता ठेवून, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. पण खोली आत घेताना ही पट्टी रबराला किंवा खोली ज्यावर सरकते त्या रोलरला अडता कामा नये, म्हणून पट्टीची जागा खोली बनवणाऱ्याकडूनच ठरवून घ्या.

रोलरच्या रेषेत तळाची विणलेली प्लॅस्टिक शीट फाटली आहे का तेही बघा. तिथे माळव्याची काळी माती अडकली तर ती ओल सोडत नाही. साध्या नळीने धुवा. प्रेशर जेटने पाणी फटीत घुसतं. डांबरी थराचं आणखी एक: मे महिन्याच्या उन्हात तो मऊ पडतो, रोलरला चिकटतो आणि सोलला जातो. ती गॅरंटीही वाचून बघा. बहुतेक वेळा ती लोखंडाच्या गंजाची असते, लाकडाची नसते.

फटीत सिलिकॉन भरलं, ते सुटलं. त्यावरच पुन्हा भरू का?

जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. आधीचं पूर्ण खरवडा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मग पॉलियुरेथेन सीलंट वापरा. आणि खोली जिथे सरकते ती फट भरायचीच नसते! तिथलं काम रबराचं. रबर चिरलं असेल तर बदलून घ्या.

एका कोपऱ्यात तळ बोटाने दबतो. एपॉक्सी ओतून भागेल का? पावसाळ्यानंतर केलं तर?

रोलरपासून लांब, लहानसा डाग असेल तर कुजलेलं काढून, पूर्ण वाळवून एपॉक्सी चालतं. रोलरजवळ असेल तर तो भाग बदलावा लागेल, कारण खोलीचं वजन तिथे येतं. कुठवर कुजलंय हे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचल्याशिवाय कळणार नाही. तोवर खोली आत-बाहेर करू नका आणि याच आठवड्यात कारागिराला दाखवा. दिवाळीपर्यंत थांबलात तर आज कोपरा बदलायचा तो पूर्ण तळ बदलावा लागू शकतो.

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरला नवी स्लाइड-आउट बसवायची आहे. प्लाय कोणता घेऊ?

आधी आरटीओ, मग प्लाय. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं गाडीत बदल करण्याबाबतचं कलम ५२ वाचा.

पावसात मुक्काम हलवायचा असेल तर ओली खोली आत घ्यावी का?

घ्या. आधी तिचं छत पुसा, आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी बाहेर काढून वाळवा.