‘माणूसजात संपली तर बरं’ असं बायको म्हणते, हिला डिप्रेशन तर नाही?

पुण्यातल्या एका नवऱ्याचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लग्नाला चार वर्षं झालेली. बायकोचं म्हणणं, मूल नको; आपल्यालाच काय, कुणालाच नको.

मतावरून आजार ठरत नाही. तिला एकटीला बसवून पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याच्या प्राथमिक चाचणीचा तक्ता, भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, कमाल गुण २७. १० किंवा जास्त आले, तर नैराश्याची नीट तपासणी करायची. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल, तर बेरीज कितीही कमी असो, आधी सुरक्षिततेचं बोलायचं आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांनाही द्यायचा. तिचे गुण चार, नववा शून्य. झोप, भूक, ऑफिस व्यवस्थित.

मग मत मत म्हणूनच ऐकायचं. सासूबाई तिला म्हणायच्या, “अगं, तुझ्या आईबाबांनी असाच विचार केला असता तर?” हा मुद्दा चालत नाही. डेव्हिड बेनाटार या तत्त्वज्ञाने २००६ मध्ये मांडलं, की दुःख नसणं चांगलंच, ते टळल्याचं समाधान मानायला कुणी नसलं तरी. सुख नसणं मात्र त्याला मुकणारं कुणी असेल तरच वाईट. जन्मलीच नसती, तर ती कशाला मुकली असती? हे पटलंच पाहिजे असं नाही, पण तिच्याकडे उत्तर तयार होतं. आयुष्य सुरू करण्याजोगं आहे का आणि चालू ठेवण्याजोगं आहे का, हे प्रश्न बेनाटारही वेगळे ठेवतो. घरच्यांची गल्लत नेमकी इथेच होते.

दोघांना वेगवेगळ्या कागदांवर चार वाक्यं दिली: मला मूल नको, कुणालाच होऊ नये, माणूसजात संपावी, मी नसलेलं बरं. प्रत्येकापुढे शून्य ते दहा. तिचे आकडे ९, ६, ३, ०. त्याचे २, ०, ०, ०.

म्हणजे भांडण पहिल्याच वाक्याचं. चार वर्षं तो “बघू” म्हणत राहिला, तिने तो ‘मूल नको’ला होकार धरला. माणूसजातीवर वाद घालणं दोघांनाही सोपं होतं!

ठरलं ते असं: तीन महिने दर पंधरवड्याला दोघांचं सत्र, विषय फक्त पहिलं वाक्य. तोवर नसबंदी नाही, कारण ती पूर्ववत होईलच असं नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून तांबी (कॉपर-टी) बसवायची; ३८०ए प्रकारची असेल तर ती दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते. आणि सासूबाईंना यातलं काहीही सांगायचं नाही.