नवी बॅटरी घेण्याआधी एवढं तपासा

किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक होतंय म्हणून लगेच बॅटरी बदलू नका. आधी एक साधा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा.

मग जंप देऊन (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून) इंजिन चालू करा आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ मिळालं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बहुधा ठीक आहे. आकडा १२ वरच रेंगाळला किंवा उतरत गेला, तर चार्जिंग होत नाहीये. तरीही अल्टरनेटर काढायची घाई नको: त्याला फिरवणारा पट्टा सैल आहे का, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलीय का, अर्थिंगची (बॅटरीपासून गाडीच्या बॉडीला जाणारी) वायर घट्ट आहे का, ते पाहा. मी स्वतः एकदा अल्टरनेटर उतरवून बसलो होतो, दोष निघाला गंजलेल्या अर्थिंगचा!

आणि हो, अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघायचा जुना उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जळू शकतो.