मुलीला सोरोरिटीचे निमंत्रण आले आहे

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मिळाले. न्यू जर्सीचे घर सोडून दुसऱ्या राज्यातील विद्यापीठात गेलेल्या तुमच्या मुलीला पहिल्याच वर्षी एका सोरोरिटीचे, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळाचे, निमंत्रण आले आहे. “शिकायला पाठवली आहे, पार्ट्यांना नाही,” असे म्हणून तिच्या वडिलांनी विषय संपवला, मुलगी तीन दिवस धड बोललेली नाही, आणि अशा मंडळात जाऊन फायदा तरी काय होतो, असे तुम्ही विचारले आहे.

ही मंडळे निघाली कशी, ते पाहिले की फायदा लक्षात येतो. इंडियाना राज्यातील ॲसबरी विद्यापीठाने, ज्याला आज डीपॉ म्हणतात, १८६७ साली मुलींना प्रथम प्रवेश दिला. मुली मूठभर, मुलांच्या मंडळांत त्यांना जागा नाही, तेव्हा १८७० मध्ये चौघींनी मिळून ‘कॅपा अल्फा थीटा’ हे स्वतःचे मंडळ काढले. १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘अल्फा कॅपा अल्फा’ स्थापन केले. कमला हॅरिस पुढे त्याच मंडळाच्या सदस्य झाल्या. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९९२ मध्ये ‘डेल्टा फाय बीटा’ उभे राहिले, ते दक्षिण आशियाई मुलींना आपलेसे वाटावे म्हणून. हजारोंच्या गर्दीत आपल्याला नावाने ओळखणारी, आपण दोन दिवस दिसलो नाही तर दार ठोठावणारी माणसे मिळणे, हा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा आहे. नोकरीच्या वेळी माजी सदस्यांच्या ओळखी उपयोगी पडतात हे खरे, पण ते नंतरचे.

माझी भाची टेक्सासमध्ये अशाच एका लहान मंडळात होती. पहिल्या सत्रात ती तापाने फणफणली तेव्हा मंडळाने नेमून दिलेली ‘बिग’, म्हणजे वरच्या वर्गातील थोरली बहीण, स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी घेऊन आली आणि बुडालेल्या प्रॅक्टिकलबद्दल प्राध्यापकांना लिहायचा ईमेल तिने शेजारी बसून लिहून घेतला. दुसऱ्या वर्षी मंडळाच्या वर्गणीचा हिशेब भाचीकडे आला. वर्गणी थकवणाऱ्या मैत्रिणीकडे मैत्री न तोडता पैसे कसे मागायचे, हे ती तिथेच शिकली.

तरीही तिच्या वडिलांची भीती खोटी नाही, आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. २०१७ साली पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या अशाच मंडळाच्या, प्रवेशविधीच्या रात्री भरमसाट दारू पाजल्यावर १९ वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला, सोबतच्यांनी कित्येक तास मदत बोलावली नाही, आणि तो दगावला. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो त्याला तिकडे हेझिंग म्हणतात. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे असले तरी देशपातळीवरचा कायदा यायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. त्यानुसार हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या मंडळांची नावे विद्यापीठांना जाहीर करावी लागतात. ती यादी तुम्ही दोघांनी मुलीसोबत बसून वाचावी, आणि हे मंडळ तिच्यात असेल तर मी स्पष्ट नको म्हणेन.

नसेल, तर मुलीने मंडळाकडून काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: वर्षाची एकूण वर्गणी, ती भरणे न जमल्यास दंड, आणि किमान गुणांची अट. बहुतेक मोठ्या सोरोरिटींच्या निवासांत दारूला मुळात बंदी असते; पार्ट्या होतात त्या फ्रॅटर्निटींच्या घरी. तेव्हा तिथे जाताना कोण सोबत असते आणि परत कोण आणते, हे तिने थोरल्या मुलींना आधीच विचारावे.

निमंत्रणाला उत्तर देण्याची मुदत सहसा थोडीच असते, म्हणून फोन आजच करा, पण परवानगीचा विषय सुरुवातीलाच काढू नका. त्या मुलींपैकी तिचे कोणाशी जमले आणि त्यांच्याशी काय बोलणे झाले, एवढेच विचारा, तिला मनमोकळे बोलू द्या, आणि फोन ठेवण्यापूर्वी तिच्या वडिलांच्या हातात द्या.

तुमची,
ताई