१९०१ साली नेदरलँड्समध्ये कट्टर कॅल्विनिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) आणि कॅथलिक एकाच सरकारात कसे आले?

शाळांमुळे. दोघांचंही म्हणणं एकच होतं: आमच्या धर्माच्या शाळांनाही सरकारी शाळांइतकाच सरकारी पैसा मिळावा. उदारमतवादी त्याला तयार नव्हते. मग तीनशे वर्षांचं हाडवैर बाजूला ठेवून मतदारसंघांत जुळवाजुळव झाली. पहिल्या फेरीत कोणाला बहुमत मिळालं नाही, तर दुसऱ्या फेरीत एकमेकांच्या उमेदवाराला मत द्यायचं! हाच प्रयोग १८८८ मध्ये एकदा झाला होता, त्यामुळे १९०१ हे काही आभाळातून पडलं नाही.

पंतप्रधान झाले आब्राहाम कायपर. धर्मोपदेशक, स्वतःचं दैनिक चालवणारे आणि अ‍ॅमस्टरडॅमचं 'मुक्त विद्यापीठ' (मुक्त म्हणजे सरकार आणि चर्चच्या नियंत्रणापासून मुक्त) काढणारे. माणूस हुशार, पण माझ्या मते आघाडी चालवायला लागणारा सबुरीचा स्वभाव नव्हता. जानेवारी १९०३ मध्ये रेल्वे कामगारांनी संप जिंकला. त्यावर एप्रिलमध्ये रेल्वे आणि सरकारी नोकरांचा संप थेट गुन्हा ठरवणारा कायदा आला. समाजवाद्यांनी त्याला नाव ठेवलं, 'गळा आवळणारे कायदे'. विरोधात पुकारलेला सार्वत्रिक संप मात्र फसला.

पुढच्या वर्षी वरिष्ठ सभागृहाने त्यांचं उच्च शिक्षणाचं विधेयक फेटाळलं. कायपरांनी काय करावं? सभागृहच विसर्जित केलं. नव्या सभागृहात विधेयक मंजूर झालं आणि खासगी विद्यापीठांच्या पदव्यांना मान्यता मिळाली. (त्यांचं स्वतःचं विद्यापीठ खासगीच होतं, हे वेगळं सांगायला नको.)

१९०५ ची निवडणूक जवळजवळ 'कायपर हवेत की नको' यावरच झाली. त्यांच्या आघाडीला कनिष्ठ सभागृहात १०० पैकी ४८ जागा मिळाल्या आणि सरकार गेलं.