‘बापावर गेलाय’ असं त्याच्यासमोर म्हणू नका

प्रश्न : लेक साडेचार वर्षांच्या नातवाला घेऊन माहेरी आली आहे. जावई तिला मारायचा, नातवावर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. तरी हल्ली नातू अंथरूण ओलं करतो, दाराशी मोटारसायकल थांबली की कॉटखाली शिरतो आणि चिडला की आईचे केस ओढून ‘थोबाड फोडीन’ म्हणतो. नातेवाईक म्हणतात, बापावर गेलाय. आम्ही त्याला ‘बाबा कामाला गेलेत’ असं सांगितलंय. आता जावई मुलाला भेटू द्या म्हणतोय. पोर लहान आहे, विसरेल ना?
– एक आजी, सातारा जिल्हा

उत्तर : आजी, आपण विषय काढला नाही म्हणून तो विसरणार नाही. मार आईला बसत होता, पण हा त्याच घरात होता. दाराआड असला तरी ऐकत होता. एवढ्या लहान मुलांना भीती बोलून दाखवता येत नाही, ती अशी अंथरुणात आणि खेळण्यात दिसते. त्यावरून त्याला रागावू नका, पाहुण्यांसमोर सांगू नका. चादर बदला आणि पुन्हा थोपटून झोपवा. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

‘बापावर गेलाय’ हे वाक्य तुमच्या घरात कोणालाही उच्चारू देऊ नका. जो हात उगारतो त्याचं चालतं, एवढंच त्या पोराने पाहिलंय आणि तेच तो करून बघतोय. पाहून शिकलेलं बदलता येतं. पण ‘तू तसलाच’ असं रोज ऐकलं तर तो तसंच मानून चालेल. त्याने केस ओढले की लेकीने त्याचा हात धरावा आणि आवाज न चढवता म्हणावं, ‘मारू देणार नाही मी. तुला राग आलाय, कळतंय मला.’ मग तो शांत होईपर्यंत जवळ बसावं. आणि आजी, ‘दोन धपाटे घातल्याशिवाय ऐकत नाही’ हेही आता बंद.

‘बाबा कामाला गेलेत’ ही थाप सोडा. कामावरचा माणूस संध्याकाळी परत येतो, म्हणून प्रत्येक मोटारसायकल त्याला बाबांचीच वाटत असेल. शिवाय या वयात मुलांना वाटतं, आपण हट्ट केला म्हणूनच हे झालं. लेकीने त्याला सरळ सांगावं : ‘बाबा मला मारायचे. मारणं चूक आहे. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. आता आपण आजीकडे राहतो.’ तो दहादा विचारेल, दहादा हेच सांगा. बाबांची आठवण येऊन रडला तर रडू द्या, त्याच्यापुढे बापाला शिव्या घालू नका. ‘काय काय बघितलंस?’ असं खोदूनही विचारू नका. जेवण, अंगणवाडी, झोप रोज ठरल्या वेळी होऊ द्या. अंगणवाडीच्या ताईंना थोडक्यात कल्पना द्या.

भेटीचा निर्णय दारात उभं राहून घेऊ नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात, भेट कशी व्हावी ते ठरवू शकतात आणि भेटीने मुलाचं अहित होईल असं वाटलं तर ती नाकारतात. अर्जासाठी याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जावई दारात येऊन धमकावू लागला तर 112. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 आहेच.

आता ‘पोरासाठी तरी नांदायला पाठवा’ म्हणणारे येतील. त्यांना तुम्हीच अडवा, लेकीला उत्तरं द्यायला लावू नका. आईला मार बसत असेल तर ते घर पोराच्या भल्याचं नाही. लेकीला झोप लागते का, ती नीट जेवते का, हेही बघा. तिच्यासाठी किंवा नातवासाठी बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. महिना-दोन महिन्यांत नातवाची भीती कमी झाली नाही, तर त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा.