रात्रीच्या व्हिजिटचे पैसे

प्रश्न : गाय व्याली आणि दुसऱ्या रात्री बसली ती उठेना. मान कुशीकडं वळवलेली, कान गार. डॉक्टरांनी सलाईन लावून दीड हजार घेतले. जास्त नाहीत का?
– एक शेतकरी, खटाव (सातारा)

उत्तर : दादा, हा दुग्धज्वर. नावात ज्वर, पण अंग गार पडतं, कारण रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ते शिरेतून अगदी सावकाश सोडावं लागतं. घाई केली तर हृदय बंद पडतं. मी एका हातात बाटली धरतो, दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप छातीला. औषध, पेट्रोल त्यातच आलं. गाय दगावली तर बोल आम्हालाच. ती धास्ती घरापर्यंत सोबत येते. तरी पैसे आधी विचारत जा, मला राग येत नाही. गुरांच्या डॉक्टरांच्या सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा फोन नंबर लावा.