आधी टेप, मग कापड

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत बांध्याचं वर्णन फळांच्या नावांनी केलेलं आहे. कुणी सफरचंद, कुणी नासपती. त्याऐवजी खांदा, छाती, कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) ही चार मापं लिहून पाठवलीत, तर नेमकं उत्तर देता येतं. कपडा बहुधा एखाद्याच ठिकाणी चुकलेला असतो आणि ते ठिकाण मापांत लगेच सापडतं.

प्रश्न : माझी उंची चार फूट अकरा इंच, बांधा मध्यम. पैठणी नेसली की मी आणखी बुटकी दिसते आणि पोटावर गोळा येतो. सुती साड्यांत एवढं जाणवत नाही. (एक वाचक, सातारा)

पोटावर दिसतो तो उरलेल्या कापडाचा गोळा आहे. साडीचा पन्हा साधारण 45 ते 47 इंच असतो. तुमच्या उंचीला बेंबीपासून जमिनीपर्यंत 35-36 इंच भरतात. उरलेलं दहा इंच कापड वेढ्यावर वेढा करत परकरात कोंबलं जातं. सुती कापड दबतं. रेशीम आणि जरतार दबत नाहीत.

आधी चपला घाला, मगच साडी नेसायला घ्या. पहिल्या वेढ्याला वरचा काठ सात-आठ इंच आतल्या बाजूला दुमडा आणि हाताने चापून सपाट करा, म्हणजे जादा कापड कंबरेवर न साठता सीटपर्यंत पातळ पसरतं. निऱ्या पाच किंवा सहाच घ्या, रुंदी चार इंच. त्यांचा वरचा भाग एका जागी न खोचता थोडा पसरून, बेंबीच्या जरा डावीकडे खोचा. परकर सहा कळ्यांचा हवा आणि नाड्याऐवजी दीड-दोन इंची पट्टी असलेला असेल तर फार उत्तम. नाडा मांसात रुततो आणि त्याच्या वर-खाली दोन फुगवटे तयार होतात.

बुटकं दिसण्याचं कारण मात्र वेगळं आहे. आठ-दहा इंची काठ तुमच्या कंबरेखालच्या उंचीचा चौथा हिस्सा खातो. पुढची पैठणी घेताना तीन-चार इंची काठाची घ्या. आहे त्या पैठणीवर ब्लाऊज काठाच्या रंगाचा न शिवता साडीच्या अंगाच्या रंगाचा शिवा. काठाच्या रंगाचा ब्लाऊज घातला की शरीर कंबरेपाशी दोन तुकड्यांत कापल्यासारखं होतं. पदर खांद्यावर चार-पाच इंची घड्या घालून पिन करा आणि मागे गुडघ्याच्या खोबणीपर्यंत सोडा. मोर, कमळं सगळी दिसतात आणि एक उभी रेघही मिळते. हातावर मोकळा सोडलेला पदर सुंदर असतो, पण तुमच्या उंचीला तो आडवा पसरतो.

प्रश्न : छाती 36, कंबर 31, सीट 42. सरळ कुर्ता घेतला की तो सीटवर अडकून पोटावर गोळा होतो. एक साइज मोठा घेतला तर खांदे उतरतात. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

कापडाला जिथे जागा अपुरी पडते तिथून ते वर सरकतं आणि जिथे ढिलं बसतं तिथे थांबतं. तुमच्या बाबतीत ती जागा कंबर. म्हणून कुर्ता पोटावर चढून बसतो आणि दोष पोटाला लागतो.

सरळ कुर्त्याला सीटवर मापापेक्षा तीन ते चार इंच जास्त घेर लागतो, म्हणजे तुम्हाला 45-46. छातीच्या मापाने घेतलेल्या तयार कुर्त्यात एवढा घेर सहसा नसतो. सरळच घालायचा असेल तर शिवून घ्या आणि शिंप्याला दोन उंच्या द्या : खांद्यापासून कंबरेच्या खोबणीपर्यंत आणि खांद्यापासून सीटच्या सर्वांत रुंद जागेपर्यंत. बाजूचा कट या दुसऱ्या खुणेच्या इंचभर खाली सुरू व्हायला हवा. तयार कुर्त्यांत तो एका ठरावीक मापाला दिलेला असतो. तो ऐन रुंद जागेवर आला की चालताना दोन्ही पल्ले फाकतात आणि सीट आहे त्याहून मोठी दिसते.

घरात असे घट्ट कुर्ते पडून असतील तर कट दोन इंच वर उसवा आणि टोकाला आतून छोटा तिकोनी तुकडा लावून पक्की टीप मारा. तो तुकडा टाळू नका, नाहीतर पहिल्याच रिक्षाप्रवासात कापड फाटेल. मोठा साइज घेऊन बारीक करायचा असेल तर काखेपासून कंबरेपर्यंतची बाजूची शिवण आत घ्या. खांदा अर्ध्या इंचापर्यंत उतरलेला चालतो. त्याहून जास्त उतरत असेल तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते आणि तेवढ्या मजुरीत नवा शिवून होतो.

आमची पहिली पसंती मात्र कळ्यांच्या किंवा ए-लाइन कुर्त्याला. तो छातीच्या मापाने घ्या, सीटचं काम घेर करतो. मांडीच्या जाड भागावर संपणारी लांबी नको, गुडघ्याखाली तीन इंच तरी हवी. पातळ रेयॉन सीटला चिकटतं. केंब्रिक किंवा अस्तर लावलेलं मऊ खादीचं कापड सरळ खाली पडतं. खाली सरळ पँट घाला, पटियाला नको. गळ्याला बोटनेक किंवा खांद्यापर्यंत भरतकाम असेल तर खांदा सीटच्या तोडीला येतो.

प्रश्न : छाती 42. ब्लाऊज पुढून वर चढतो, हुकांमध्ये फट पडते. शिंपी दर वेळी घेर वाढवून देतो, तरी तेच. (एक वाचक, नागपूर)

घेर वाढवून हा दोष जात नाही, उलट पाठीत ढिलाई येते. इथे छातीच्या उभारासाठी लागणारी खोली कमी पडते आहे. शिंप्याने आणखी दोन मापं घ्यायला हवीत : खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची आणि दोन टोकांमधलं अंतर. रोज जी ब्रा घालता तीच घालून माप द्या, कारण ब्रा बदलली की पहिलं माप इंचभर सहज सरकतं.

टक्स टोकाच्या पाऊण ते एक इंच अलीकडे संपले पाहिजेत. टोकापर्यंत नेले की तिथे चोच येते. फार लवकर संपवले की कापड ताणलं जातं आणि ब्लाऊज वर चढतो. तुमच्या मापाला कटोरी चांगली, तिच्यात खोली मिळते. प्रिन्सेस कट जास्त सफाईदार दिसतो, पण त्याची शिवण बरोबर टोकावरून जायला हवी. जुन्या ब्लाऊजवरून कापणाऱ्या शिंप्याकडून तो शिवू नका, जुना दोष जसाच्या तसा उतरेल.

पुढचा आणि मागचा, दोन्ही गळे खोल घेऊ नका. खांद्याला आधार राहत नाही आणि पट्टी घसरते. मागचा खोल हवाच असेल तर खांद्याच्या तीन इंच खाली नाडी लावा. अस्तराचं सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवा. ते नंतर आटलं तर वरचं कापड सुरकुततं. बाजूंना दीड-दीड इंच कापड आत ठेवायला सांगा.

प्रश्न : खूप सडपातळ आहे. शिफॉन अंगावर लोंबते. (एक वाचक, पणजी)

शिफॉन, जॉर्जेट बाजूला ठेवा. कडक ऑरगंझा, टिश्यू किंवा खळ दिलेली सुती साडी नेसा. निऱ्या सात-आठ, पदर मोकळा, बाही कोपरापर्यंत.

प्रश्न : नवऱ्याचं पोट पुढे आहे. लग्नासाठी कुर्ता आणि जॅकेट शिवायचं आहे. (एक वाचक, इंदूर)

पोटाचं माप बसलेलं असताना घ्या, उभ्याने घेतलेलं माप जेवणाच्या पंगतीत अपुरं पडतं. पोट पुढचं कापड उचलतं म्हणून कुर्त्याचा पुढचा भाग मागच्यापेक्षा इंचभर लांब कापायला सांगा, नाहीतर कड पुढून वर उचललेली दिसते. जॅकेटची कड पोटाच्या सर्वांत पुढे आलेल्या जागेच्या किमान दोन-तीन इंच खाली संपावी. रंग कुर्त्याहून गडद, आणि बटणं न लावता मोकळं. पँट पोटाखाली बांधली की मागून लोंबते आणि पायांशी कापड साठतं. ती बेंबीपाशी घालून गॅलिस (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावले तर सरळ पडते.

प्रश्न : डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. पदर सतत घसरतो, कुर्ता तिरका दिसतो. (एक वाचक, बेळगाव)

दोन्ही खांद्यांचा उतार वेगवेगळा मोजून घ्या. फरक अर्ध्या इंचापर्यंत असेल तर ब्लाऊजच्या आत डाव्या खांद्याला पातळ पॅड शिवून काम होतं. पॅड काढता-घालता येईल असं लावा, धुताना ते बाहेर राहिलेलं बरं. फरक जास्त असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या कापाव्या लागतात. पदराची पिन खांद्याच्या टोकावर न लावता मानेकडे दीड इंच सरकवा, शिवणीच्या किंचित मागे. आडव्या रेघा आणि बोटनेक दोन्ही टाळा, तिथे फरक लगेच उघडा पडतो. कुर्त्याची खालची कड खांद्यापासून मोजून दुमडली तर तिरकीच येणार. तुम्हाला कुर्ता घालून उभं करून, जमिनीपासून चारही बाजूंनी मोजून ती खुणवायला सांगा.